भिंतीपाशी चार दिवस

मागच्या अंकात मी मांतोवाच्या राजवाड्यातल्या एका खोलीवर लिहिलं होतं. आंद्रेआ मांतेन्याने 1465 ते 1474 अशी नऊ वर्षं रंगवलेली ती चौकोनी खोली. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सांगली-मिरजेची आहेतच, पण तासगाव, कराड, वाई, पलूस इथूनही आली. सांगलीत तेहतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे निम्म्या पत्रांची सुरुवात ‘बाई’ अशीच आहे. फार बरं वाटलं. सगळी पत्रं घेता आली नाहीत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तर इटलीत मी तीनदा गेले: 2014 ला यजमानांबरोबर, 2018 ला बहिणीबरोबर आणि 2023 ला भाचीबरोबर. उत्तरं त्या तीन फेऱ्यांच्या आधारानेच दिली आहेत.

आम्ही दोघं निवृत्त आहोत. गेल्या वर्षी यात्रा कंपनीबरोबर युरोप केलं. इटलीच्या वाट्याला दोन रात्री आल्या, चित्रं पाहायची राहूनच गेली. आता बारा दिवस फक्त उत्तर इटलीला द्यायचे ठरवलं आहे. नकाशावर अकरा गावं खुणावली आहेत. क्रम कसा लावावा?
– एक दांपत्य, विश्रामबाग, सांगली

अकरातली आठ खोडून टाका. मनापासून सांगते. मुक्काम तीनच ठिकाणी करा: मांतोवाला चार रात्री, पादोवाला चार, रावेन्नाला तीन. बाकीची गावं या तिघांपासून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखी आहेत, आणि त्यातलीही दोन-तीनच घ्या.

कारण सांगते. मोठ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात चित्रं कुठून कुठून आणून टांगलेली असतात. छोट्या गावात चित्र अजून त्याच भिंतीवर आहे, ज्या भिंतीसाठी ते काढलं. मांतोवाचीच गोष्ट घ्या. तिथल्या गोन्झागा घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या चित्रं जमवली. पुढे पैशाची ओढाताण झाली आणि 1627-28 च्या सुमारास त्या संग्रहाचा मोठा भाग इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाला विकला गेला. दोनच वर्षांनी, 1630 मध्ये, शहर लुटलं गेलं. जे उचलून नेता आलं ते सगळं गेलं. भिंतीवरचं तेवढं राहिलं. म्हणून मांतेन्याची खोली आज मांतोवातच पाहावी लागते आणि ज्युलिओ रोमानोने रंगवलेलं राक्षसांचं दालनही तिथेच, गावाच्या दुसऱ्या टोकाला ‘पालात्सो ते’ या वाड्यात.

मांतेन्याच्या खोलीत एका वेळी थोडीच माणसं सोडतात आणि वेळही मोजून देतात. पहिल्या फेरीत आम्ही आत गेलो तेव्हा सगळ्यांसारखी माझी मान वर. छताच्या मधोमध गोल झरोका रंगवला आहे, त्यातून आभाळ दिसतं, कठड्यावरून बायका खाली वाकून हसताहेत, आणि झाडाची एक जड कुंडी एका आडव्या दांडीवर अशी ठेवली आहे की आता पडेल की मग. वेळ संपला, बाहेर आलो. यजमान म्हणाले, ‘‘भिंती बघितल्याच नाहीत आपण.’’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढलं. त्या दिवशी मी वर पाहिलंच नाही. लुदोव्हिको गोन्झागा हातात पत्र घेऊन बसला आहे, चेहरा मागे वळवून कारभाऱ्याशी बोलतो आहे, आणि त्याच्या आसनाखाली त्याचा म्हातारा कुत्रा मुटकुळं करून पडला आहे. दरबार भरला आहे आणि कुत्र्याला त्याचं काही नाही. वाड्यातल्या ओसरीवर असंच असतं. हा कुत्रा मला दुसऱ्या दिवशी दिसला. म्हणून म्हणते, चार रात्री.

तिथून एक दिवस साब्बियोनेताला जा. हे गाव सांगलीकरांना लगेच कळेल. आपल्याकडे पटवर्धनांच्या वाटण्या झाल्या, 1801 मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेहून वेगळे झाले आणि सांगलीला गणेशदुर्ग, गणपतीचं देऊळ असं सगळं नव्याने उभं केलं. तिकडे गोन्झागांच्या धाकट्या पातीतल्या व्हेस्पासियानोने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतांच्या मधोमध स्वतःची राजधानी उभारली: ताऱ्याच्या आकाराचा तट, काटकोनात आखलेल्या गल्ल्या, दोन वाडे, जवळजवळ शंभर मीटर लांबीचं दालन आणि 1588 ते 1590 मध्ये स्कामोत्सी या वास्तुकाराने बांधलेलं नाट्यगृह. केवळ नाट्यगृह म्हणून बांधलेल्या युरोपातल्या जुन्यात जुन्या इमारतींपैकी ती एक. धनी 1591 मध्ये वारला आणि गावाची वाढ तिथेच थांबली. सांगली मात्र वाढत गेली. दुपारी तिथल्या चौकात उभं राहिलं की आपलीच पावलं ऐकू येतात.

साब्बियोनेताला आगगाडी नाही, बस आहे. रविवारी गाड्या फार कमी असतात. 2018 ला आम्ही बहिणी रविवारीच गेलो आणि परतीची गाडी चुकली. अडीच तास थांब्यावर. मंगळवार किंवा बुधवार धरा.

जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर मांतोवाच्या तळ्यात कमळं फुललेली असतात. गेल्या शतकात आशियातून आणून लावलेली, आता तळंभर पसरली आहेत. उकाडा मात्र आपल्या मे महिन्यासारखा. मी एप्रिल किंवा ऑक्टोबर सुचवेन.

तुमच्या यादीत व्हेरोना आहे ते ज्युलिएटच्या सज्जासाठी. तो सज्जा त्या घराला विसाव्या शतकात लावलेला आहे. त्याऐवजी तेवढा वेळ सान झेनोच्या देवळात द्या. मांतेन्याचंच मोठं वेदीचित्र तिथे आहे.

पादोवाच्या चॅपेलमध्ये फक्त पंधरा मिनिटं थांबू देतात असं वाचलं. एवढ्यासाठी जावं का? दुसरं, आमच्या मेणवलीच्या वाड्यातली भित्तिचित्रं आणि ही फ्रेस्को एकच का?
– शिक्षिका, वाई

आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, म्हणजे पहिल्याचं उत्तर सोपं होईल.

फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावरचं काम. भिंतीला खालचा जाड गिलावा देऊन त्यावर त्या दिवशी रंगवून होईल एवढाच बारीक गिलावा लावायचा आणि तो ओला आहे तोवर नुसत्या पाण्यात कालवलेल्या रंगाने चित्र काढायचं. ना डिंक, ना सरस. चुना वाळताना हवेतला कर्बवायू घेतो आणि पुन्हा दगड होतो. रंग त्या दगडाच्या आतच अडकतो. खाडाखोड नाही. चुकलं तर तेवढा तुकडा छिलून काढा आणि उद्या नवा गिलावा लावा. भिंतीजवळ तिरकं पाहिलं तर एका दिवसाचं काम कुठे संपलं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू झालं तो सांधा दिसतो.

आपल्याकडे मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात, वाई-साताऱ्याच्या जुन्या वाड्यांत जी मराठेशाहीतली चित्रं आहेत ती बहुतेक कोरड्या गिलाव्यावरची. रंगात चिकटवण मिसळून केलेली. त्यामुळे रेघ बारीक, अलंकार नाजूक, पण ओल आली की पापुद्रा सुटतो. घाण्यात मळलेला आपला चुना कमी प्रतीचा होता असं अजिबात नाही. रीत निराळी, एवढंच.

आता पादोवा. स्क्रोवेन्यी चॅपेल जोत्तोने साधारण 1303 ते 1305 मध्ये रंगवलं. एन्रिको स्क्रोवेन्यी या सावकाराने ते बांधवून घेतलं. त्याच्या बापाला दान्तेने आपल्या काव्यात व्याजखोर म्हणून नरकात बसवलं आहे. आधी वेळ राखून ठेवावी लागते. पंचवीस माणसांना एका काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवतात, आपल्या अंगावरची धूळ आणि दमटपणा आत जाऊ नये म्हणून, आणि मग पुढची पंधरा मिनिटं आत. जायचंच. आणि मांतोवासारखंच, दोन दिवसांची दोन तिकिटं काढायची.

पहिल्या दिवशी निळा रंग बघून घ्या. छत निळं, त्यावर सोनेरी तारे. हा निळा ओल्या चुन्यात टिकत नाही, म्हणून तो मात्र कोरड्यावर दिलेला आहे. तुमच्या मेणवलीसारखाच. म्हणूनच काही ठिकाणी मरियेच्या वस्त्राचा निळा गळून गेला आहे आणि शेजारचा लाल, पिवळा जसाच्या तसा आहे. हा फरक एकदा दिसला की फ्रेस्को म्हणजे काय ते पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी एकच चित्र. क्रुसावरून उतरवलेल्या येशूभोवतीचा शोक. त्यात दोन बायका आपल्याकडे पाठ करून जमिनीवर बसल्या आहेत. चेहरा दिसत नाही, नुसते लुगड्यासारखे पांघरलेले गोळे. मयताच्या घरी गेल्यावर दारातून जे पहिलं दिसतं तेच. सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं की दुःख पाठीतून दाखवायचं. मी वर्गात मुलांना नेहमी सांगायचे, पाठ काढा, पाठ काढायला शिका. यजमान गेल्यानंतरच्या फेरीत मात्र मी त्या चित्रापुढे वहीसुद्धा उघडली नाही.

चॅपेलला अगदी लागून एरेमितानीचं देऊळ आहे. तिथे तरुण मांतेन्याने रंगवलेल्या भिंती होत्या. 11 मार्च 1944 ला बाँब पडला आणि त्या कोसळल्या. हजारो तुकडे गोळा करून ठेवले होते. जुन्या फोटोंच्या आधाराने त्यातले जमतील तेवढे आता भिंतीवर आपापल्या जागी बसवले आहेत, मधली जागा करड्या रंगात. 2019 च्या महापुरात आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं आणि माझ्या पहिल्या दोन फेऱ्यांच्या वह्या गेल्या. दोन पानं वाळवून राहिली, त्यातलं एक त्या कुत्र्याचं. एरेमितानीतल्या त्या तुकड्यांपुढे मी 2023 ला बराच वेळ उभी होते. जोत्तोचं चॅपेल शेजारी शाबूत राहिलं, हे तिथे उभं राहिल्यावर अंगावर येतं.

आम्ही शुद्ध शाकाहारी. पिझ्झ्यावरच दिवस काढायचे का?
– गृहिणी, कराड

नाही. मांतोवाला लाल भोपळा भरलेली तोर्तेल्ली मिळते, गोडसर, वर लोणी. उत्तरेत सगळीकडे पोलेंता मिळते: आपली मक्याच्या पिठाची उकडच, फक्त फोडणी नाही. सोबत चटणीची पुडी असू द्या. सावध राहायचं ते न दिसणाऱ्या गोष्टींपासून. रिसोत्तो पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. रावेन्नाकडची पियादिना भाकरीसारखी दिसते, पण कणकेत बहुधा डुकराची चरबी असते. ऑलिव्हच्या तेलातली मागा. पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात, ते चालत नसेल तर आधीच सांगा. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा ब्रोदो दी कार्ने’ – मांस नको, मासे नकोत, मांसाचं पाणी नको. हे कागदावर लिहून दाखवलं की काम होतं. छोट्या गावातली माणसं आत जाऊन स्वयंपाक्याला विचारून येतात.

आमच्या घरात चार पिढ्या तंबोरे-सतारी करतात. मुलगा म्हणतो, क्रेमोना बघायचंच. तिथे आम्हाला शिकण्यासारखं काय आहे?
– तंतुवाद्य कारागीर, मिरज

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सगळ्या पत्रांत हा प्रवास सगळ्यात जास्त तुमचा आहे असं मला वाटतं.

मिरजेत तलवारींना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले, आणि एका गल्लीचं नावच वाद्यावरून पडलं. क्रेमोनात सोळाव्या शतकात आंद्रेआ आमातीने व्हायोलिनला आजचं रूप दिलं. त्याच्या घराण्याच्या परंपरेतून पुढे अंतोनियो स्त्रादिवारी आणि ग्वार्नेरी आले. स्त्रादिवारी 1737 मध्ये वारला, नव्वदी ओलांडून. शेवटपर्यंत काम करत होता. नंतर ही विद्या तिथे मंदावली. 1938 मध्ये गावात व्हायोलिन करायला शिकवणारी शाळा निघाली आणि ती परत रुजली. आज तिथे दीडशेच्या आसपास कारखाने आहेत. कारखाने म्हणजे तुमच्यासारखेच: रस्त्याकडेची एक खोली, खिडकीत प्रकाशाला धरलेली पट्टी, जमिनीवर भुसा. 2012 मध्ये युनेस्कोने या विद्येला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला तीच खोली आठवली.

तुम्ही भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आणता, तसं ते पोटाच्या पट्टीचं लाकूड आल्प्समधल्या फिएम्मे खोऱ्यातून आणतात. स्प्रूस. थंडीत हळूहळू वाढलेलं झाड, वलयं दाट. पाठ, कडा आणि मान मेपलची. एका वाद्यात सत्तरएक तुकडे असतात, आणि एक कारागीर वर्षाला साधारण तीन ते सहा वाद्यं करतो. व्हायोलिनच्या संग्रहालयात वाद्यांच्या आधी स्त्रादिवारीचे साचे बघा. लाकडाचे, आतून आधार देणारे, त्यावर त्याच्या हातच्या खुणा. मी चित्रकार, मला वाद्यातलं कळत नाही. पण त्या साच्याच्या कडेची रेघ बघून मी थांबले. मुलाला सांगा, त्या रेघेची वहीत नक्कल कर.

त्याच संग्रहालयात ठरलेल्या दिवशी जुनी वाद्यं प्रत्यक्ष वाजवून दाखवतात. तो दिवस साधून जा. वाद्य कपाटात ठेवलं की त्याचा आवाज बसतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं. 2019 च्या सुरुवातीला तिथे या वाद्यांचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करायचा होता. महापौरांनी गावाला विनंती केली की संग्रहालयाच्या आसपास आवाज करू नका. काही आठवडे त्या भागातले रस्ते गाड्यांना बंद होते. एका वाद्याच्या सुरासाठी गावाने पाऊल हळू टाकलं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या पुण्यतिथीला मिरजेच्या दर्ग्यात रात्री गाणं ऐकताना बाहेरच्या रिक्षा ऐकू येतात, तेव्हा मला हे दरवर्षी आठवतं. आपल्याकडे असं करता येईल का, यावर तुम्ही मंडळींनी एकदा बसावं. मी येईन.

क्रेमोनाच्या कारागिरांना जवारी दाखवा. घोडीवर दोरा कसा सरकवता, तार कशी बोलायला लागते ते. भाषेची अडचण येणार नाही. एक छोटी घोडी आणि कानस बॅगेत ठेवा. कानस हातातल्या पिशवीत नको, विमानतळावर काढून घेतील. मांतोवाहून आगगाडीने तासाभरात क्रेमोना येतं.

तिकिटं, वेळा, कपडे, चर्चमध्ये शिरावं की नाही?
– अनेक वाचक

दुपारी बारा-साडेबारा ते तीन छोट्या गावातली देवळं बंद. त्या वेळात जेवून घ्या. पुष्कळ संग्रहालयं सोमवारी बंद. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडीला काहीच अडचण नाही. प्रार्थना चालू असेल तर मागे बसून राहा, फिरू नका. लोकल गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यायची, नाहीतर तिकीट असूनही दंड. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. लवकर करा.

आणि सुटी नाणी जवळ ठेवा. अंधाऱ्या देवळात एक पेटी असते, नाणं टाकलं की चित्रावर दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो. रावेन्नाला सगळे मोझेक, म्हणजे बारीक रंगीत तुकडे जोडून केलेली चित्रं, बघायला जातात आणि जायलाच हवं; सान व्हितालेचं देऊळ 547 सालचं आहे, आणि गाल्ला प्लाचिदियाच्या समाधीतल्या निळ्या छतापुढे बोलवत नाही. पण एका नाण्यासाठी सान फ्रांचेस्कोच्या देवळात जा. तिथलं तळघर कायम पाण्याखाली आहे. दिवा लागला की पाण्यातून जुनी मोझेकची जमीन दिसते आणि वरून सोनेरी मासे फिरत असतात. आपल्या नृसिंहवाडीला पाणी देवळात येतं आणि ओसरतं. इथे आलेलं पाणी राहूनच गेलं.

आमची द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेडही. बायकोला देवळं बघायची आहेत, मला बागा. दोन्ही एका ठिकाणी आहे का?
– द्राक्ष बागायतदार, तासगाव

आहे, आणि तुमच्यासाठी मी आनंदाने लिहिते.

व्हेरोनाच्या शेजारी वाल्पोलिचेल्ला. तिथे वेल मांडवावर चढवतात, तुमच्यासारखाच. काढणीनंतर काही द्राक्षं तीन-चार महिने हवेशीर माळ्यावर ताटांमध्ये सुकवतात आणि मग त्यांची वाइन करतात. शेडमधल्या रॅकवर बेदाणा सुकताना जो वास येतो, तोच तिथे. तुम्ही डिपिंग देऊन दोन-तीन आठवड्यांत उरकता. ते थंडीतल्या हवेवर सोडतात. त्याच डोंगरावर सान जॉर्जो नावाचं दगडी देऊळ आहे. त्यात वेदीवर कोरीव छत्री आहे, लोंबार्द राजाच्या काळची, तिच्यावर 712 सालचा लेख कोरलेला. बायकोला तिथे सोडा आणि तुम्ही मांडवात जा.

दुसरं ठिकाण कोनेल्यानोच्या वरच्या टेकड्या. प्रोसेक्कोच्या बागा, 2019 पासून जागतिक वारशात. चढ इतके उभे की बरंचसं काम हातानेच. तिथे सान पिएत्रो दी फेलेत्तो या गावच्या देवळाच्या ओसरीत एक चित्र आहे. येशू उभा आहे आणि त्याच्याभोवती शेतकऱ्याची, सुताराची, घरकामाची अवजारं. प्रत्येक अवजार त्याला जखम करतं आहे. अर्थ एवढाच की रविवारी काम केलंत तर ते मला लागतं. माझे वडील अमावास्येला औत धरू देत नसत, आणि बेंदराला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद. मी त्या ओसरीत उभी राहून वडिलांना आठवत होते. दर रविवारी देवळात येणाऱ्या, अक्षर न येणाऱ्या गड्यासाठी काढलेलं ते चित्र आहे. त्यात तुमची कोणकोणती अवजारं ओळखू येतात ते मला कळवा.

आई अडुसष्ट वर्षांची, माळकरी, बारा वाऱ्या केलेली. तिला नेऊ का? तिथे तिला काय कळणार?
– नोकरदार, सातारा

न्या. तिला तुमच्यापेक्षा जास्त कळेल.

तिला पिएमोंतमधल्या वारालोला न्या. शेवटचा टप्पा बसचा आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बेर्नार्दिनो काइमी नावाचा फ्रान्सिस्कन साधू पवित्र भूमीत राहून परत आला. सामान्य माणसाला जेरुसलेमची वाट धोक्याची होती. त्याने डोंगरावरच जेरुसलेम उभं करायचं ठरवलं. आपण गावोगावी प्रतिपंढरपूर म्हणतो, तसं हे प्रतिजेरुसलेम. पंचेचाळीसच्या आसपास छोटी देवळं, त्यांत माणसाच्या उंचीच्या आठशेएक मूर्ती, मातीच्या आणि लाकडाच्या, रंगवलेल्या. कित्येकांना खरे केस, खऱ्या दाढ्या. मागच्या भिंतीवर गर्दी रंगवलेली, म्हणजे मूर्ती कुठे संपल्या आणि चित्र कुठे सुरू झालं ते कळत नाही. जाळीतून डोळा लावून पाहायचं. गाउदेंत्सिओ फेर्रारी या चित्रकाराने क्रुसाचा प्रसंग असा उभा केला आहे की आपण त्या गर्दीतले एक होतो.

गणपतीतले देखावे पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 2018 ला माझी बहीण, जी चित्रांपुढे कंटाळायची, तिथे एकेका देवळापाशी वाकून बघत होती. एका स्थानिक आजीने तिला बाजूला सरकून जागा करून दिली आणि बोटाने दाखवलं, तो बघ, तो पळपुटा. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. वर जायला पाळणा आहे, पण आई बारा वाऱ्या चाललेली आहे; तिला पायवाटेने जाऊ द्या. खाली गावातल्या देवळात फेर्रारीनेच 1513 मध्ये रंगवलेली अख्खी भिंत आहे, एकवीस चित्रांत येशूचं चरित्र. ती आधी दाखवा, गोष्ट कळेल, मग डोंगर.

बाई, ओळखलंत का माहीत नाही. आठवीत तुम्ही माझी वही फळ्यापाशी लावली होती. आता दुकान सांभाळतो. इटलीला जाणं या जन्मात होईल असं वाटत नाही. तरी वाचतो. कुठून सुरुवात करू?
– माजी विद्यार्थी, पलूस

ओळखलं. बैलाच्या शिंगांची वही.

औंधला जा. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. संस्थान लहान, तरी 1938 मध्ये त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उघडलं. तिथे रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. हेन्री मूरचं दगडातलं आई-मूल आहे. एवढा मोठा शिल्पकार औंधच्या डोंगरावर आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. सगळं बघू नकोस. आई-मुलापुढे बैस, एका बाजूने काढ, जागा बदल, पुन्हा काढ. चार बाजूंनी चार रेखाटनं झाली की उठायचं.

दुकान कोणत्या वारी बंद असतं ते कळव. मी सकाळच्या एसटीने येते. पाण्याची बाटली आण, आणि नवी वही घेऊ नकोस, माझ्याकडे दोन कोऱ्या आहेत.